बारा चौकोनांची सुट्टी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी पालक भेटतात आणि निकालाचं बोलून झालं की एक प्रश्न हमखास विचारतात, "टीचर, सुट्टीत मुलांना काय वाचायला द्यावं?" आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दोन भाषांतून येतो. पालक चार पुस्तकांची नावं लिहून घेतात. पण नावं देणं सोपं असतं. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन असताना, हाताशी मोबाईल असताना, मूल पुस्तक उघडतं का आणि उघडलेलं पुढे चालू ठेवतं का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर यादीत सापडत नाही. गेल्या दोन सुट्ट्यांत आमच्या घरी जे घडलं, ते म्हणूनच इथे सांगतो आहोत.

आम्ही म्हणजे आमचं सोलापुरातलं सगळं घर. दादी, आम्ही दोघं, नववीतली थोरली, सहावीतला धाकटा आणि सुट्टीत पुण्याहून येणारा पुतण्या, तोही सहावीतला. तीन मुलं आणि शाळेची माध्यमं तीन. थोरली उर्दू माध्यमात, धाकटा मराठीत, पुतण्या इंग्रजीत. घरात सगळे बोलतात आपली दखनी. म्हणजे एका दस्तरखानावर बसणारी ही मुलं एकमेकांचं बोलणं शब्दन् शब्द समजतात, पण एकमेकांचं पुस्तक उघडलं की परकी होतात. अशी घरं आज आपल्याकडे कमी नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पुतण्या आला तो शाळेचा एक छापील कागद घेऊन. सुट्टीत पन्नास पुस्तकं वाचा, नाव लिहा, पालकांची सही घ्या, जून महिन्यात प्रमाणपत्र मिळवा. मुलगा जिद्दीचा. अकराव्या दिवशी त्याच्या कागदावर तेवीस नावं झाली होती. सगळी सोळा पानांची, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं. त्यातल्या एका पुस्तकात काय होतं, असं दादींनी सहज विचारलं. तो थोडा थांबला, मग म्हणाला, "एक हत्ती होता." पुढचं त्याला आठवेना. तिकडे थोरली एकच जाड पुस्तक घेऊन गच्चीच्या जिन्यात बसलेली. तिच्या खात्यात अजून शून्य. धाकट्याचं वाचन म्हणजे वर्तमानपत्राचं क्रिकेटचं पान, तेही आधी गुणफलक. त्यावरून भांडण पेटलं. क्रिकेटचं पान धरायचं की नाही? सोळा पानं आणि दोनशे पानं सारखीच कशी? आम्ही त्यांना भांडू दिलं, कारण मुद्दा बरोबर होता. वाचन मोजायचं कसं, यावर मोठी माणसंही एवढ्या तळमळीनं बोलत नाहीत.

त्याच सुट्टीत दादींच्या डोळ्यांचं निघालं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात काचबिंदू. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दिसायला लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यातला दाब वाढून मागची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून उरलेली तेवढी सांभाळायची. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावलं. दादींनीही शांतपणे ऐकून घेतलं. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणाल्या, "अखबार कौन पढ के सुनाएगा मेरे कू?"

हा प्रश्न आमच्या घरात साधा नव्हता. दादी रोज सकाळी उर्दू अखबार पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. आम्ही दोघं सकाळी सातला शाळेसाठी निघतो. थोरली उर्दू वाचते, पण तिचे क्लास. उरलेल्या दोघांना तर त्या लिपीतलं अक्षर ओळखता येत नव्हतं. घरात उर्दू बोलणारी सहा माणसं, आणि दादींच्या मांडीवरचा कागद वाचून दाखवायला दुपारी कुणीच नाही.

त्या रात्री थोरलीनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पट्टीनं रेघा मारल्या. तीन ओळी, चार रांगा, बारा चौकोन. म्हणाली, पुस्तकं मोजायची नाहीत, चौकोन भरायचे. प्रत्येक चौकोन वेगळा. कोणता चौकोन कशाचा, यावर सगळं घर तासभर बोलत होतं. शेवटी ठरलं ते असं:

दादींच्या वयापेक्षा जुनं एक पुस्तक. आपल्या शाळेत न शिकवल्या जाणाऱ्या लिपीतलं एक पान. एक चरित्र किंवा आत्मकथन. विज्ञानाचं एक. एक नाटक, तेही आवाज बदलून मोठ्यानं. शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं एक. स्वयंपाकाची एक कृती वाचून तो पदार्थ करणं. सात दिवस सलग वर्तमानपत्र, क्रिकेट धरून, पण एक बातमी पहिल्या पानाची. प्रवासाचं एक. फक्त हसवणारं एक. दुसऱ्या कुणाला पूर्ण वाचून दाखवलेलं एक. आणि बारावा चौकोन, आवडलं नाही म्हणून अर्ध्यात सोडलेलं एक, का सोडलं ते एका वाक्यात सांगून.

हा शेवटचा चौकोन धाकट्याचा. आम्हाला आधी हसू आलं, पण वर्गातला अनुभव आठवला. पुष्कळ मुलांचं वाचन एका कंटाळवाण्या पुस्तकापाशी अडून बसतं. ते पुरं होत नाही म्हणून दुसरं हाती घेता येत नाही. फ्रान्समधले शिक्षक-लेखक दानिएल पेनाक यांनी 1992 सालच्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा हक्क आणि पुस्तक पुरं न करण्याचा हक्क त्यात आहेत. आमच्या धाकट्यानं तो हक्क न वाचताच मागून घेतला.

मग सुट्टी सुरू झाली. दुपारची झोप आणि असरची नमाज यांच्या मधला वेळ वाचनाचा ठरला, रोज वीस मिनिटं. ऐकायला थोडी वाटतात, पण पंचेचाळीस दिवसांच्या सुट्टीत त्यांचे पंधरा तास होतात. पंधरा तासांत सहावीचं मूल पुष्कळ वाचू शकतं.

जुन्या पुस्तकाच्या चौकोनासाठी मुलांनी 'श्यामची आई' निवडलं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि 1935 साली ते छापून आलं, म्हणजे दादींपेक्षा जुनं. शिवाय त्याची मांडणी सुट्टीसाठीच केल्यासारखी आहे. श्याम आपल्या आईची गोष्ट रोज रात्री थोडी थोडी सांगतो, अशा बेचाळीस रात्री. रोज एक रात्र वाचली तर सुट्टी आणि पुस्तक जवळपास बरोबरच संपतात. मगरिबनंतर धाकटा वाचायचा, पुतण्या ऐकायचा, आणि दादी तसबीह थांबवून कान द्यायच्या. मराठी पुस्तकी शब्द अडला की थोरली त्याचं दखनी सांगायची. कोकणातलं ते ब्राह्मण घर आणि आमचं सोलापुरी घर यांत काही सारखं नाही. पण मुलगा चुकला म्हणून रागावणारी आणि मग त्याला जवळ घेणारी आई दादींना अनोळखी वाटली नाही.

थोरलीनं जुन्यासाठी वेगळं पुस्तक काढलं, डेप्युटी नजीर अहमद यांचं 'मिरातुल उरूस'. 1869 सालची ही उर्दूतली पहिली कादंबरी मानली जाते. मुलींनी वाचावं असं काही हाती नव्हतं, म्हणून नजीर अहमद यांनी ती स्वतःच्या मुलींसाठी लिहिली. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही कथा, एक घर बिघडवते, दुसरी सावरते. थोरली तीन दिवसांनी म्हणाली, "असगरी जास्तच शहाणी आहे, मला अकबरी आवडते." आम्ही वाद घातला नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाशी चौदा वर्षांच्या मुलीनं भांडावं, यापेक्षा चांगलं वाचन कोणतं?

आत्मकथनात लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आलं. हसवणाऱ्या चौकोनात पतरस बुखारींचे लेख आले. धाकट्यानं शेजाऱ्यांकडून 'फास्टर फेणे' मागून आणला आणि भा. रा. भागवतांचं आणखी काही आहे का, म्हणून दोनदा त्याच दारात गेला. पुतण्यासाठी 'किशोर' मासिक उपयोगी पडलं. बालभारती 1971 पासून ते काढते, आणि जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. एका अंकात गोष्ट, कोडं, शास्त्राची माहिती असं सगळं मिळतं, त्यामुळे लहान वाचकाला एकच विषय पुरवावा लागत नाही. स्वयंपाकाच्या चौकोनात दोघा मुलांनी मिळून शीरखुर्मा केला. कृतीत 'मंद आचेवर' लिहिलेलं त्यांनी वाचलं नाही, भांड्याचा तळ करपला. वाचलेल्या प्रत्येक शब्दाला काम असतं, हे आम्ही वर्गात वर्षभर सांगतो. ते त्यांना एका पातेल्यानं शिकवलं.

सगळ्यात अवघड चौकोन लिपीचा होता. पुतण्या कुरआन नाजरा शिकलेला, म्हणजे अरबी अक्षरं त्याच्या ओळखीची. उर्दूसाठी त्यात पे, टे, चे, डाल, डे, झे, गाफ अशी थोडीच अक्षरं वाढतात. दोन दिवसांत ती झाली. पण अखबार उघडला आणि गाडी अडली. कुरआनात प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश असतात, उच्चार हाताला धरून नेतात. उर्दूत ते लिहीत नाहीत. 'इस' आणि 'उस' दिसायला अगदी एक. वाक्य पुढे वाचून ठरवायचं कोणता शब्द आहे. अक्षरंही एका ओळीत ताठ बसत नाहीत, नस्तालीकमध्ये वरून खाली तिरकी उतरतात. शिवाय 'स'साठी तीन अक्षरं, 'ज'साठी चार. तो रडकुंडीला आला. म्हणाला, "ये तो अंदाजे से पढना हुआ!"

दादी हसल्या. "तो और क्या? बोली आती ना तेरे कू? अंदाजा सही आता फिर."

आम्ही बीएडला वाचनाच्या अनेक पद्धती शिकलो, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला भाषा येते त्याचा अंदाज बरोबर येतो. ज्या मुलाच्या कानात घरची बोली मुरलेली आहे, त्याचं अर्धं काम झालेलं असतं. उरतं ते डोळ्यांचं. उलट आमच्या उर्दू शाळेतली मुलं मराठीत 'ळ' आणि 'ण' पाशी अडतात, 'चमचा'तला 'च' आणि 'चंद्र'तला 'च' वेगळे का, म्हणून विचारतात. तिथे अक्षर येतं, पण कान तयार नसतो. त्यांना आम्ही आधी ऐकवतो, मग वाचायला देतो.

दुसऱ्याच दिवसापासून दादी सरावाला बसल्या. त्या म्हणतील ते वाक्य पुतण्या अखबारात शोधायचा. मथळे आधी, कारण अक्षर मोठं. पहिल्या आठवड्यात तो एका मथळ्याला पाच मिनिटं घ्यायचा. दादी ओरडायच्या नाहीत. मध्येच एवढंच म्हणायच्या, "हौले पढ, बस छूटरी क्या?"

नेमकं तेव्हाच कपाटावरची पत्र्याची पेटी खाली आली. मुलांना दादींपेक्षा जुनं पुस्तक शोधायचं होतं. पेटीत पुस्तकं होतीच, पण त्यांच्याखाली अब्बांची, म्हणजे मुलांच्या दादांची, लाल बांधणीची वही निघाली. अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. वही त्याच हाताची, ओळी सरळ, पण अक्षर घाईचं, लांब ओढलेलं. तिच्यात पगार नव्हता, उधारी नव्हती. 1963 पासून वाचलेल्या पुस्तकांची नोंद होती. पुस्तकाचं नाव, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख, भाड्यानं आणलं असेल तर भाडं. इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'च्या ओळी तर ओळीनं होत्या. 1952 साली अलाहाबादहून सुरू झालेली ही मालिका त्या काळी मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या भाड्याच्या लायब्रऱ्यांतून फिरायची. मध्ये कुठे कृष्ण चंदर, कुठे प्रेमचंद. आणि काही नावांपुढे संपल्याच्या तारखेच्या जागी एकच शब्द: नातमाम. म्हणजे अपुरं.

धाकटा उड्या मारायला लागला. त्याचा बारावा चौकोन दादांनी साठ वर्षांपूर्वीच आखून ठेवला होता. प्रेमचंदांचं 'गोदान' उर्दूत 'गऊदान' म्हणून आहे, त्याच्यापुढे 1964 साली 'नातमाम' होतं, आणि चार वर्षांनी तेच नाव पुन्हा, या वेळी तारखेसह पुरं. आम्ही दादींना विचारलं, एवढी चांगली पुस्तकं अब्बांनी मधेच का सोडली? त्या थोडं लाजून म्हणाल्या, "उनो मेरे कू पढ के सुनाते थे. मेरी नींद लगी, किताब बंद."

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना फक्त नाजरा येत होतं, उर्दू वाचता येत नव्हतं. रात्री कंदिलाजवळ अब्बा वाचायचे, त्या ओळींवरून बोटाखालची अक्षरं बघायच्या. पुतण्या ज्या वाटेनं आता चालला होता, त्याच वाटेनं त्या आल्या होत्या. हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं, कारण ती वही कुणी उघडली नव्हती. आणखी पंधरा वर्षांनी ती उघडली असती, तर ती वाचू शकणारं घरात कोण उरलं असतं? हा विचार त्या दुपारी आम्हा दोघांनाही शिवून गेला. जमिनीचे कागद हरवले तर माणूस कचेरीत धाव घेतो. घरातली एक लिपी हरवली तर ती कुठल्या कचेरीत नोंदलेली नसते.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मे महिन्यात नात्यातली दोन लग्नं आली, एक आठवडा वाचनाचा गेला. मग दादींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, चार दिवस कुणाचं लक्ष नव्हतं. मुलं म्हणू लागली, रोज चाळीस मिनिटं वाचून भरून काढू. आम्ही नको म्हटलं. राहिलेलं वाचन दुप्पट करून फेडायला लागलं की ते कर्ज वाटतं, आणि कर्जापासून माणूस पळतो. गेलेले दिवस गेले, आज पुन्हा वीस मिनिटं, एवढाच नियम ठेवला. 15 जूनला शाळेची घंटा वाजली तेव्हा थोरलीचे नऊ चौकोन भरले होते, धाकट्याचे सात, पुतण्याचे सहा. श्यामच्या बेचाळीस रात्रींपैकी एकतीस झाल्या होत्या. पुतण्याच्या शाळेचा तो पन्नासाचा कागद सत्तावीसवर थांबला. प्रमाणपत्र मिळालं नाही. जाताना त्यानं तो कागद आमच्याकडेच ठेवला आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढून नेला.

गेल्या सुट्टीत पुन्हा चौकोन आखले. नवे. त्यात 'बनगरवाडी' आली, व्यंकटेश माडगूळकरांची 1955 सालची कादंबरी, धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराची. आम्ही दोघांनी ती मुलांबरोबर वाचली, कारण मोठ्यांचेही चौकोन असावेत असा थोरलीचा आग्रह. डॉ. झाकिर हुसेन यांची 'अब्बू खाँ की बकरी' पुतण्यानं उर्दूतच वाचली. अल्मोड्याच्या डोंगरातली ती चांदणी नावाची शेळी रात्रभर लांडग्याशी झुंजते. शेवट वाचताना त्याचा आवाज बसला. पूर्ण वाचून दाखवलेलं पुस्तक, हा चौकोन त्यानं असा भरला. ऐकणाऱ्या दादी होत्या.

पालकांनी विचारलं तर आता आम्ही पुस्तकांची नावं शेवटी सांगतो. आधी सांगतो ते हे. दिवसातली एक वेळ धरा आणि घरातल्या मोठ्यांनीही त्या वेळी वाचा. मुलं आपण सांगतो ते करत नाहीत, करतो ते करतात. संख्या लावूच नका असं नाही, काही मुलांना आकडा पळवतो, पण आकड्याशेजारी वेगळेपणाची अट ठेवा. पुस्तक विकत घ्यायची ऐपत नसेल तर पेठेतल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी विचारून या, ती फार नसते. मुलाला अर्ध्यात पुस्तक सोडू द्या, पण का सोडलं ते विचारा. आणि घरात ज्याची नजर अधू झाली आहे, त्याच्याजवळ मुलाला बसवा. वाचणाऱ्याला ऐकणारा मिळाला की वाचन गृहपाठ राहत नाही.

आमच्याकडे आता शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून फोन येतो. पुतण्या त्याच्याकडच्या फोटोंतून वहीची एक ओळ वाचतो, नाव आणि तारीख. दादी ते पुस्तक आठवतं का बघतात. आठवलं तर गोष्ट सांगतात, नाही आठवलं तर पुढची ओळ. मागच्या शुक्रवारी तो 1966 पर्यंत पोचला होता. वही 1981 पर्यंत आहे.